ओएमआर उत्तरपत्रिकेची पडताळणी : तीन चुका आणि तीन उपाय

स्पर्धात्मक प्रवेश परीक्षेत एका गुणाचे मोल किती असते, याची जाणीव निकालाच्या दिवशी होते. परीक्षेस बसणाऱ्यांची संख्या लाखांत आणि जागांची संख्या हजारांत असली, की गुणवत्ता यादीच्या मधल्या भागात एकेका गुणावर फार मोठी गर्दी होते. तेथे एक गुण कमी पडला, तर क्रमांक शेकड्यांनी, कधी हजारांनी खाली जातो. शासकीय महाविद्यालयातील जागा हातची जाते आणि खाजगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी कर्ज काढण्याची वेळ कुटुंबावर येते. त्यामुळे उत्तरपत्रिकेवरील एक वर्तुळ यंत्राने कसे वाचले, हा शैक्षणिक प्रश्न तर आहेच. त्याचबरोबर तो आर्थिक प्रश्नही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बंगळुरू हे सोयीचे उदाहरण आहे. तेथील मल्लेश्वरम भागात कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचे कार्यालय असून अभियांत्रिकीसह अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीची राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा हे प्राधिकरण घेते. बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील मराठी भाषक विद्यार्थीही या परीक्षेस बसतात. याशिवाय २०२२ सालची ‘कॅट’ परीक्षा बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने आणि २०२४ सालची ‘गेट’ परीक्षा तेथील भारतीय विज्ञान संस्थेने आयोजित केली होती. म्हणजे उत्तरपत्रिका कागदावर सोडवण्याची आणि संगणकावर सोडवण्याची, अशा दोन्ही पद्धतींचा अनुभव या एकाच शहरात एकवटलेला आहे. मूल्यमापनात चूक कोठे होऊ शकते, ती कोण शोधू शकतो आणि विद्यार्थ्याच्या हाती कोणता उपाय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्र उत्तरपत्रिका कशी वाचते?

उत्तरपत्रिका यंत्राने तपासण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९३८ साली बाजारात आणलेले यंत्र पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साहाय्याने ओळखत असे. पेन्सिलीतील ग्रॅफाइट विद्युतवाहक असल्यामुळे खूण केलेल्या जागेतून प्रवाह वाहत असे आणि त्यावरून गुण मोजले जात. पुढे १९५०च्या दशकात आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी प्रकाशाच्या साहाय्याने खुणा वाचणारे यंत्र विकसित केले. आज प्रचलित असलेली ओएमआर पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

कोऱ्या कागदावरून प्रकाश अधिक परावर्तित होतो, रंगवलेल्या वर्तुळावरून कमी. उत्तरपत्रिकेच्या कडेला छापलेल्या लहान काळ्या पट्ट्यांमुळे यंत्राला प्रत्येक ओळीचे स्थान कळते. वर्तुळाचा काळेपणा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर ते ‘रंगवलेले’ समजले जाते. एकाच प्रश्नासाठी दोन वर्तुळे रंगवलेली आढळल्यास उत्तर अवैध ठरते. येथे यंत्र ज्ञानाची परीक्षा करत नाही. ते केवळ काळेपणा मोजते. अर्धवट रंगवलेले किंवा खोडलेले वर्तुळ या मर्यादेच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे त्या यंत्रासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेवर अवलंबून असते.

पूर्वीची यंत्रे केवळ खुणा वाचून आकडे नोंदवत. आताची स्कॅनर यंत्रे संपूर्ण उत्तरपत्रिकेची प्रतिमा साठवतात. हा बदल वरकरणी किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. प्रतिमा उपलब्ध झाल्यामुळे यंत्राने काय वाचले आणि विद्यार्थ्याने काय रंगवले होते, यांची तुलना कोणालाही करता येते. त्यापूर्वी ही तुलना केवळ परीक्षा घेणारी संस्थाच करू शकत असे.

पहिली चूक : यादृच्छिक

यंत्राच्या वाचनात होणारी चूक ही यादृच्छिक स्वरूपाची असते. ती कोणाच्या वाट्याला येईल, हे आधी सांगता येत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, २ लाख विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १८० प्रश्नांची परीक्षा दिली. यंत्राला एकूण ३ कोटी ६० लाख उत्तरे वाचावी लागतील. एक लाख उत्तरांमागे केवळ एक उत्तर चुकीचे वाचले गेले, असे धरले, तरी ३६० उत्तरांत चूक राहील. अचूकतेचे प्रमाण ९९.९९९ टक्के असूनही तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालावर त्याचा परिणाम संभवतो.

या ३६० चुका परीक्षा संस्थेने स्वतः शोधायच्या, तर तिला सर्व उत्तरपत्रिका माणसांकडून पुन्हा वाचून घ्याव्या लागतील. तो खर्च प्रचंड आहे. याउलट, प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि यंत्राने नोंदवलेली उत्तरे दाखवली, तर तो अर्ध्या तासात १८० नोंदी पडताळून पाहू शकतो. आपण काय रंगवले, हे त्याला माहीत असते आणि चूक शोधण्यात त्याचे हितही गुंतलेले असते. तपासणीचे काम ज्याला सर्वांत कमी खर्चात करता येते, त्याच्याकडेच ते सोपवणे, हा अर्थशास्त्रीय विवेक येथे लागू पडतो.

तथापि, या व्यवस्थेत एक उणीव आहे. विद्यार्थी आपले नुकसान करणारी चूक कळवतो. आपल्याला लाभ देणारी चूक तो सहसा कळवत नाही. त्यामुळे केवळ विद्यार्थ्यांच्या हरकतींवर विसंबून केलेली दुरुस्ती एकतर्फी राहते आणि न मिळवलेले गुण यादीत तसेच शिल्लक राहतात. म्हणून संस्थेने स्वतः काही उत्तरपत्रिका नमुना पद्धतीने निवडून त्यांचे माणसांकडून वाचन करून घेणेही तितकेच आवश्यक ठरते.

दुसरी चूक : उत्तरतालिकेतील

उत्तरतालिकेतील चूक वेगळ्या जातीची असते. यंत्राने सर्व वर्तुळे अचूक वाचली, परंतु तालिकेतील उत्तरच चुकीचे असेल, तर बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाचा गुण जातो. वरील उदाहरणातील एक चतुर्थांश विद्यार्थ्यांवर जरी परिणाम झाला, तरी ही संख्या ५० हजार होते. यंत्राच्या ३६० चुकांपुढे तालिकेतील एक चूक किती जड आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

२०२४ सालच्या ‘नीट’ परीक्षेतील पदार्थविज्ञानाचा एक प्रश्न या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. अणूविषयीच्या दोन विधानांवर आधारित या प्रश्नाची दुसरा आणि चौथा अशी दोन उत्तरे राष्ट्रीय परीक्षा संस्थेने ग्राह्य धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर न्यायालयाने दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांचे मत मागवले. चौथा पर्याय हेच एकमेव योग्य उत्तर, असे मत त्यांनी दिले आणि २३ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने त्यानुसार निकाल सुधारण्यास सांगितले. दुसरा पर्याय निवडणाऱ्या ४ लाख २० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे मिळालेले ४ गुण गेले आणि चुकीच्या उत्तरासाठी १ गुण वजा झाला. पूर्ण गुणांसह पहिल्या क्रमांकावर असलेल्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. एका प्रश्नाच्या उत्तराने देशभरातील क्रमवारी बदलली.

बंगळुरूमध्येही त्याच वर्षी असा प्रसंग उद्भवला. एप्रिल २०२४ मध्ये झालेल्या कर्नाटकच्या सामायिक प्रवेश परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न विचारले गेल्याची तक्रार झाली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र या चार विषयांचे प्रत्येकी ६०, म्हणजे एकूण २४० प्रश्न होते. त्यांपैकी ५० प्रश्न मूल्यमापनातून वगळण्याचा निर्णय झाला. प्रश्न वगळल्यामुळे त्याच्या उत्तराचा अन्याय दूर होतो. परंतु त्या प्रश्नावर परीक्षागृहात खर्ची पडलेला वेळ विद्यार्थ्याला परत मिळत नाही. म्हणूनच दुरुस्तीपेक्षा प्रश्नपत्रिकेची पूर्वतपासणी श्रेयस्कर होय.

उत्तरतालिकेतील चुकीवर उपाय म्हणजे तात्पुरती तालिका प्रसिद्ध करणे, पुराव्यासह हरकती मागवणे आणि तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनंतर अंतिम तालिका जाहीर करणे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांमुळे ही पद्धत मराठी विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. काही परीक्षांत हरकतीसाठी शुल्क आकारले जाते. ‘नीट’मध्ये २०२४ आणि २०२५ साली ते प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये असून परत मिळणारे नव्हते. निराधार हरकतींना आळा बसावा, हा शुल्कामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु बरोबर ठरलेल्या हरकतीचा लाभ ती घेणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. तो सर्वांना मिळतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ती सार्वजनिक वस्तू होय. खर्च एकाने करायचा आणि लाभ सर्वांनी घ्यायचा, अशी स्थिती असली, की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. हरकत योग्य ठरल्यास शुल्क परत करणे, हे त्यामुळे न्याय्य तर आहेच, शिवाय परीक्षा संस्थेच्याही हिताचे आहे.

तिसरी चूक : हेतुपुरस्सर

पहिल्या दोन चुका अनवधानाने होतात. तिसरी मात्र जाणूनबुजून केली जाते. कर्नाटकातील पोलीस उपनिरीक्षकांच्या ५४५ पदांसाठी ३ ऑक्टोबर २०२१ रोजी लेखी परीक्षा झाली. ही प्रवेश परीक्षा नव्हती, भरती परीक्षा होती. परंतु उत्तरपत्रिका त्याच प्रकारच्या होत्या. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांमधील कोरी वर्तुळे रंगवली गेल्याचा आरोप झाला. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला आणि त्यात भरतीशी संबंधित वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासही जुलै २०२२ मध्ये अटक झाली. २९ एप्रिल २०२२ रोजी परीक्षा रद्द करण्याची घोषणा करण्यात आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला आणि २३ जानेवारी २०२४ रोजी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत फेरपरीक्षा घेण्यात आली. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास करून यश मिळवले होते, त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून तयारी करावी लागली. गैरप्रकाराची किंमत गैरप्रकार न करणाऱ्यांनी मोजली.

अशा फेरफारापुढे स्कॅन केलेली प्रतिमा अपुरी पडते. वर्तुळ स्कॅनिंगपूर्वीच रंगवले गेले असेल, तर प्रतिमा ते फेरफार इमानेइतबारे टिपून ठेवते. येथे उपयोगी पडते ती परीक्षागृहातून विद्यार्थ्यासोबत बाहेर गेलेली कार्बन प्रत. मूळ उत्तरपत्रिकेवर जे वर्तुळ काळे आहे, ते कार्बन प्रतीवर कोरे असेल, तर फेरफार लपत नाही. एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती परस्परांशी हितसंबंध नसलेल्या दोन हातांत असणे, हा हिशेब तपासणीचा मूलभूत नियम आहे. सराफाच्या दुकानातील पावतीपुस्तकापासून बँकेच्या खातेपुस्तकापर्यंत तोच लागू होतो.

केंद्रीय पातळीवर या संदर्भात सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) अधिनियम, २०२४ हा कायदा २१ जून २०२४ पासून अमलात आला. ओएमआर उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार करणे हा या कायद्यान्वये गुन्हा असून त्यासाठी ३ ते ५ वर्षे कारावास आणि १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संघटित गुन्ह्यासाठी शिक्षा ५ ते १० वर्षे आणि दंड किमान १ कोटी रुपये आहे.

न्यायालयांची भूमिका

उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला सहजासहजी मिळालेला नाही. या इतिहासाचा प्रारंभीचा महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातील आहे. राज्य मंडळाच्या १९७७ सालच्या विनियमांनी उत्तरपत्रिका पाहण्यास व पुनर्मूल्यांकनास मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. परंतु परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो रद्द केला. लाखो परीक्षार्थींना अशी मुभा दिल्यास निकालाला अंतिमता उरणार नाही आणि ते व्यवहार्यही होणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ ने ही स्थिती बदलली. ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या व्याख्येनुसार ‘माहिती’ असल्याचे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत मिळवण्याचा हक्क असल्याचे सांगितले. परीक्षकाची ओळख मात्र उघड करता येत नाही. तसेच, संस्थेने उत्तरपत्रिका जतन करण्याची जी मुदत ठरवलेली असते, त्या मुदतीतच हा हक्क बजावता येतो.

पाहण्याचा हक्क आणि पुन्हा तपासून घेण्याचा हक्क यांत मात्र भेद आहे. उत्तरतालिकेसंबंधी कानपूर विद्यापीठ प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. तालिका बरोबर आहे, असे गृहीत धरले जाईल. पण प्रमाणित पाठ्यपुस्तकांवरून ती निर्विवाद चुकीची ठरत असेल, तर बरोबर उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करणे अन्यायकारक होईल. रणविजय सिंह प्रकरणात २०१७ साली न्यायालयाने पुढे सांगितले, की शंका असल्यास तिचा लाभ परीक्षार्थीऐवजी परीक्षा संस्थेला मिळावा. तात्पर्य, ‘माझेही उत्तर बरोबर असू शकते’ एवढा युक्तिवाद पुरेसा नाही. ‘तालिकेतील उत्तर बरोबर असूच शकत नाही’ हे पुराव्याने दाखवावे लागते.

संगणकाधारित परीक्षेतील नवा प्रश्न

‘कॅट’ परीक्षा २००९ साली आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी २०१९ साली संगणकावर घेतली जाऊ लागली. येथे वर्तुळे रंगवावी लागत नाहीत आणि ती चुकीची वाचली जाण्याचा प्रश्नही उरत नाही. परंतु परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून एमएचटी-सीईटीमध्ये कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल गुण दिले जातात. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या, भागिले त्या सत्रातील एकूण विद्यार्थी, गुणिले १००, असे त्याचे सूत्र आहे.

या सूत्रातील एकही आकडा विद्यार्थ्याच्या हाती नसतो. त्याला आपली उत्तरे व तालिका पडताळता येते, मात्र इतरांचे गुण ठाऊक नसल्यामुळे पर्सेंटाइल पडताळता येत नाही. प्रत्येक सत्रातील कच्च्या गुणांची वारंवारता सारणी, म्हणजे कोणत्या गुणावर किती विद्यार्थी आहेत याचा तक्ता, नावे वगळून प्रसिद्ध केल्यास ही अडचण दूर होईल. त्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

समजा, एका विद्यार्थिनीने तालिकेवरून स्वतःचे ११२ गुण मोजले आणि निकालात १०८ आले. तक्रार करण्यापूर्वी तिने फरक कोठे पडला, हे क्रमाने शोधले पाहिजे.

१. प्रश्नपुस्तिकेचा संकेतांक पाहावा. वेगळ्या संचाची तालिका वापरल्याने स्वतःची बेरीज चुकणे सहज शक्य आहे. उत्तरपत्रिकेवर संकेतांक चुकीचा नोंदवला असेल, तर सर्वच उत्तरे चुकीच्या तालिकेने तपासली जातात.

२. कार्बन प्रत आणि स्कॅन केलेली प्रतिमा प्रश्नागणिक जुळवावी. दोहोंत फरक असल्यास तो तत्काळ लेखी कळवावा आणि कार्बन प्रत जपून ठेवावी.

३. प्रतिमा आणि यंत्राने नोंदवलेली उत्तरे जुळवावीत. येथे फरक आढळल्यास ती वाचनाची चूक होय.

४. तात्पुरती आणि अंतिम तालिका जुळवावी. एखादे उत्तर बदलले किंवा प्रश्न वगळला गेला असेल, तर चार गुणांचा फरक त्यातून पडलेला असू शकतो.

५. तालिकेवर हरकत घ्यायची असल्यास प्रमाणित पाठ्यपुस्तकाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ द्यावे. शिकवणी वर्गाची तालिका हा पुरावा नव्हे.

६. हरकतीची मुदत बहुधा मोजक्या दिवसांची असते. ती गेल्यास माहिती अधिकाराचा मार्ग उरतो. केंद्रीय संस्थेसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये असून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. परंतु तोवर प्रवेश फेऱ्या पुढे गेलेल्या असण्याची शक्यता असते. म्हणून पहिली मुदत चुकवू नये.

समारोप

परीक्षेतील चूक शून्यावर आणणे कोणत्याही यंत्राला वा संस्थेला शक्य नाही. वाचनातील चूक प्रतिमेमुळे सापडते, तालिकेतील चूक जाहीर हरकतींमुळे आणि हेतुपुरस्सर फेरफार दुसऱ्या हातातील प्रतीमुळे. यांपैकी एक उपाय दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. १९८४ साली लाखो उत्तरपत्रिका दाखवणे अव्यवहार्य मानले गेले, कारण तेव्हा प्रत्येक प्रत कपाटातून शोधून काढावी लागली असती. आज प्रतिमा संगणकावर तयार असते आणि ती दाखवण्याचा खर्च नगण्य झाला आहे. खर्चाचा आक्षेप संपला असल्याने तिन्ही उपाय प्रत्येक परीक्षेत उपलब्ध करून देणे, ही संस्थांची जबाबदारी ठरते.

प्रवेश मिळालेल्यांना आपल्या गुणांबद्दल क्वचितच शंका असते. गुणवत्ता यादीची खरी कसोटी प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यापाशी लागते. आपली उत्तरपत्रिका पाहून, आपले गुण स्वतः मोजून ‘होय, एवढेच होते’ असे त्याला म्हणता आले, तर तो पुढील वर्षाच्या तयारीला निःशंक मनाने लागतो.